नाणं घासू नका, वाचा!



आपल्या बोलण्यात नाण्यांनी किती जागा अडवली आहे, कधी लक्षात आलंय का? एखादा माणूस भरवशाचा असला की आपण म्हणतो, "नाणं खणखणीत आहे!" बाजारात निघालेल्या नातवाला आजी बजावते, "वाजवून घे रे बाबा." कुणाची परीक्षा पाहायची असली, तर त्याला कसोटीला लावतात. हे सगळे शब्द आले ते नाणी आणि सोनं-चांदी पारखणाऱ्यांच्या धंद्यातून.

तुमच्या वर्गात पोतदार आडनावाचं कुणी आहे का? असेल तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा. जुन्या काळी खजिन्यात जमा होणारं नाणं खरं की खोटं हे तपासून घेणारा अधिकारी म्हणजे पोतदार. गावात हे काम बहुधा सोनारच करायचा. आता गावात पोतदाराचं काम राहिलं नाही, पण खोटी नाणी मात्र राहिली. म्हणूनच मला वाटतं, प्रत्येक घरात एक छोटा पोतदार हवा. तो तुम्हीच व्हायचं!

मी जालना जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. "जालना, सोने का पालना" असं आमच्याकडे म्हणतात. सोन्याचा पाळणा काही माझ्या पाहण्यात आला नाही. जुनी नाणी मात्र इथे घरोघरी निघतात. चौथीत शिवरायांचा इतिहास असतो. तो शिकताना शिवराईचा विषय निघाला, तेव्हा पोरं ओरडली, "मॅडम, आमच्या घरी पण हायेत जुने पैसे!" मी म्हटलं, "दप्तरात घालून आणू नका, हरवतील. घरच्या मोठ्या माणसांना घेऊन या." पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात जत्राच भरली. कुणाच्या हातात पानाचा डबा, कुणाच्या लुगड्याच्या पदराला गाठ, तर कुणाकडे देव्हाऱ्यातली वाटी.

त्या दिवशी चार घराण्यांची नाणी आमच्यासमोर आली. त्यांची ओळख करून देते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

पहिलं घराणं 'हाली'. आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचं चलन वेगळं होतं. त्याला हाली सिक्का म्हणत. विसाव्या शतकातल्या हाली रुपयावर चारमिनारचं चित्र आहे. चारमिनारच्या कमानीत बारकाईने पाहा, एक अक्षर दिसेल. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या नाण्यावर 'मीम' आणि सातवे निजाम उस्मान अली खान यांच्या नाण्यावर 'ऐन'. ही उर्दू लिपीतली त्यांच्या नावांची आद्याक्षरं!

दुसरं घराणं 'कलदार', म्हणजे इंग्रज सरकारचा राणीछाप, राजाछाप रुपया. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, म्हणून कलदार. तिसरं घराणं शिवराई. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाल्यावर शिवछत्रपतींनी पाडलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढे कितीतरी वर्षं शिवराई पाडली जात होती.

चौथं घराणं सगळ्यांत म्हातारं, सातवाहनांचं. आपल्या जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथे १९७३ मध्ये उत्खनन झालं आणि सातवाहन काळातल्या एका भरभराटीच्या नगराच्या खुणा मिळाल्या. सातवाहनांची नाणी बहुतेक शिशाची, तांब्याची किंवा मिश्र धातूची असतात. त्यावर सोंड वर केलेला हत्ती दिसला, की ओळखावं!

खरं की खोटं?

आता पोतदाराचं पहिलं काम. नाणं हातात घ्या, पण कडेला धरून. बोटांचा घाम नाण्याच्या तोंडाला लागू द्यायचा नाही.

आधी वजन. इंग्रजी कलदार रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. म्हणून तर जुनी माणसं 'रुपयाभार' असं माप सांगायची आणि ८० रुपयांच्या वजनाचा एक शेर धरायची. चारमिनारी हाली रुपया थोडा हलका, सुमारे ११.१८ ग्रॅम. झिजलेलं नाणं जरा कमी भरेल. पण कलदार म्हणून दिलेलं नाणं ९ ग्रॅमच भरलं, तर दाल में कुछ काला है! सराफाच्या काट्यावर हे वजन मिनिटभरात होतं.

इथे एक गंमतीचं गणित सांगते. जुनी माणसं सांगतात, ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार. हा ७ आणि ६ चा हिशेब का? कलदार रुपयात १००० भागांत सुमारे ९१७ भाग चांदी, हाली रुपयात ८१८ भाग. वही-पेन्सिल घ्या आणि करा गुणाकार. ७ हाली रुपयांत चांदी निघते सुमारे ६४ ग्रॅम. आणि ६ कलदार रुपयांत? तीही सुमारे ६४ ग्रॅम! शाळेत न गेलेल्या आजोबांच्या तोंडच्या हिशेबात चांदीचं प्रमाण असं चोख बसलेलं होतं.

मग लोहचुंबक. सोनं, चांदी, तांबं, पितळ चुंबकाला चिकटत नाही. चांदीचं म्हणून दिलेलं नाणं टपकन चिकटलं, तर विषय संपला. पण चिकटलं नाही म्हणून ते खरं ठरत नाही, बरं का. खोटं नाणं तांब्याचं किंवा शिशाचंही असू शकतं.

मग भिंग. कलदार नाणं दोन ठशांमध्ये दाबून पाडलेलं असतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार असतात. नकली नाणं पुष्कळदा साच्यात ओतलेलं असतं. त्याची अक्षरं साबणाच्या वापरलेल्या वडीवरच्या अक्षरांसारखी बुळबुळीत दिसतात. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात. कडेवर गोल फिरणारी जोडाची रेघही सापडते. हाताने पाडलेल्या शिवराईची गोष्ट मात्र उलटी. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून खऱ्या शिवराईवर बहुधा काही अक्षरं कापली गेलेली असतात. अगदी गोल गरगरीत, सगळी अक्षरं मधोमध बसलेली, चकचकीत शिवराई कुणी दाखवली, तर आधी शंका घ्या.

शेवटी आवाज. नाणं बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. चांदीचा आवाज घंटीसारखा लांबतो. शिशाच्या नाण्याचा 'टप्' असा बसका येतो. फरशीवर मात्र आपटायचं नाही हं! आणि सराफाकडे गेलात, तर "कसोटीच्या दगडावर घासू नका" असं आधीच सांगा. आता बऱ्याच सराफांकडे न घासता धातूची शुद्धता सांगणारी यंत्रं असतात.

त्या शनिवारी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील रुमालात गुंडाळून एक नाणं घेऊन आले होते. एका बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी' अशी इंग्रजी अक्षरं आणि १८१८ साल, दुसऱ्या बाजूला मारुती. कुणीतरी त्यांना मोबाईलवर निरोप धाडला होता, की अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात. अट एकच, आधी 'नोंदणी फी' पाठवायची. त्यांच्या शेतातली बोअर आटली होती. नवी घ्यायची तर पैसा नव्हता. दुसऱ्या दिवशी ते फी पाठवणार होते.

आम्ही नाणं पाहिलं. अक्षरं बुळबुळीत. कडेला जोडाची रेघ. मुख्य म्हणजे मारुतीचं किंवा रामपंचायतनाचं चित्र असलेलं असं १८१८ चं नाणं कंपनीच्या कोणत्याच टांकसाळीत पडलेलं नाही. त्या काळी कंपनीच्या मुंबई इलाख्यातल्या तांब्याच्या नाण्यांवर तागडी असे आणि तिच्याखाली फारसीत 'अदल', म्हणजे न्याय, असा शब्द. ही रामाची नि मारुतीची 'कंपनीची' नाणी पुढे कुणीतरी बनवून विकली. आज ती बाजारात ढिगाने मिळतात.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी लोकांना दिलेला इशाराही सांगितला. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याचा किंवा विकण्याचा व्यवहार बँक करत नाही, त्यासाठी शुल्क मागत नाही, आणि बँकेच्या नावाने शुल्क गोळा करायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या आज्यानं ह्ये देव्हाऱ्यात पुजलं व्हतं. मंग आमच्या आज्यानं खोटं पुजलं का?"

मुलांनो, हा प्रश्न वजनकाट्याचा नव्हता. मी म्हटलं, "आजोबांनी मारुती पुजला, कंपनीचं नाणं नाही पुजलं. नाणं म्हणून हे खोटं आहे, मारुती म्हणून नाही." त्यांनी ते कपाळाला लावलं आणि पुन्हा रुमालात बांधलं. फी त्यांनी पाठवली नाही. बोअरचा प्रश्न तसाच राहिला, हेही सांगायला हवं. पण खिशातले होते ते पैसे वाचले, आणि मारुती देव्हाऱ्यात परत गेला.

घासलंय का?

त्याच दिवशी एका मुलीची आजी पाच हाली रुपये घेऊन आली. लख्ख पांढरे, जणू आजच टांकसाळीतून आलेत! आजी कौतुकाने म्हणाली, "दर लक्ष्मीपूजनाला चिंच नि राख लावून घासते बाई. कधी काळं पडू दिलं न्हाई." आम्ही भिंगातून पाहिलं. चारमिनारचे चारही मिनार सपाट झालेले. कमानीतलं अक्षर 'मीम' की 'ऐन', तेही कळेना.

नाणं घासलेलं आहे हे कसं ओळखायचं? भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा दिसतात. नाण्याचं मैदान पांढरं फटक, पण अक्षरांच्या खोबणीत काळा मळ तसाच राहिलेला असतो. तांब्याचं नाणं विचित्र गुलाबी दिसतं. न घासलेलं, न वापरलेलं यंत्राचं नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं, तर त्यावरचा उजेड चाकाच्या आरांसारखा फिरतो. घासलेल्या नाण्यावर तो फिरत नाही, नुसता चमकतो. वापराने झालेली झीज वेगळी असते. ती आधी उंच भागांवर दिसते, म्हणजे राजाच्या गालावर, दाढीवर, मुकुटावर.

तुम्ही म्हणाल, काळं पडलेलं नाणं घासलं तर बिघडलं काय? चांदीवरचा काळसर थर हवेतल्या गंधकामुळे तयार होतो. तांब्यावर तपकिरी, हिरवट थर चढतो. हा थर घट्ट बसलेला असतो आणि खालच्या धातूला पांघरुणासारखा जपतो. आपण चिंच, लिंबू लावलं की आम्लाने तो थर निघतो. राखेने घासलं की त्याखालची अक्षरंही थोडीथोडी निघून जातात. गेलेलं अक्षर परत येत नाही.

अक्षर गेल्याने काय जातं, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी! सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. त्या नव्या ठशाच्या आडून नहपानाचा चेहरा आणि अक्षरं अजून डोकावत होती. एका राजाने दुसऱ्याला हरवलं आणि त्याचं चलन आपलं केलं, याचा तो पुरावा होता. आता कल्पना करा, ती नाणी कुणी हौसेने चिंच-राखेने घासून लख्ख केली असती तर? खालचा नहपान पुसटच झाला असता!

मग नाणं मुळीच स्वच्छ करू नये का? माती लागलेली असेल, तर गाडीच्या बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात ते भिजत ठेवा. नंतर मऊ सुती कापडाने टिपून घ्या. टिपायचं, पुसायचं नाही. मातीतला वाळूचा कण काचकागदासारखा ओरखडे काढतो. तांब्याच्या नाण्यावर खडूसारखी भुरभुरणारी फिकट हिरवी पूड दिसली, तर ते इतर नाण्यांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. एरवी साध्या कागदी पाकिटात नाणं सुखाने राहतं. मऊ, उग्र वासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नको.

आजीला मी काय सांगितलं? "आजी, पूजेला दोन रुपये ठेवा, ते हवे तसे लख्ख करा. बाकीचे तीन नातीच्या नावाने असेच राहू द्या." आजी म्हणाली, "काळेच?" मी म्हटलं, "काळेच." आजी हसली आणि तीन रुपये तिने नातीच्या मुठीत दिले.

मोल किती?

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. पालकांनो, तुम्हीही ऐका!

जुनं म्हणजे महाग, हा समज चुकीचा आहे. सातवाहनांचं झिजलेलं नाणं जवळजवळ दोन हजार वर्षांचं असूनही पुष्कळदा थोडक्या पैशांत मिळतं. उलट १९३९ सालचा इंग्रजी रुपया त्यापेक्षा किती तरी तरुण, पण संग्राहक त्याला मोठी किंमत देतात, कारण तो फारच थोडा उरला आहे. म्हणूनच त्याच्या नकलाही फार! दुसऱ्या सालाचा आकडा कोरून, बदलून अशी नाणी बनवतात. साल नेहमी भिंगाखाली वाचा.

१९११ च्या रुपयाची गोष्ट तर गमतीची आहे. पंचम जॉर्ज राजाच्या झग्यावर हत्तीचं बारीक चित्र होतं. सोंड इतकी आखूड दिसत होती, की लोकांना तो हत्ती डुकरासारखा वाटला. एकच ओरड झाली. सरकारने तो रुपया मागे घेतला, बराचसा वितळवला आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. त्यामुळे १९११ चा रुपया आज इतरांपेक्षा कमी मिळतो. आणि माता वैष्णोदेवीचं चित्र असलेलं २०१२ चं ५ रुपयांचं नाणं? त्याला लाखो रुपये मिळतात अशी आवई मोबाईलवर फिरत असते. किराणा दुकानात मात्र ते ५ रुपयांनाच चालतं!

नाण्यांनाही परीक्षेसारखे गुण देतात, पण ७० पैकी. ही पद्धत अमेरिकेतल्या विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली. काही कंपन्या फी घेऊन नाणं तपासतात, गुण देतात आणि पारदर्शक डबीत बंद करून परत करतात. यालाच ग्रेडिंग म्हणतात. नाणं घासलेलं निघालं, तर अशा कंपन्या एरवी गुणच देत नाहीत, नुसता 'साफ केलेलं' असा शेरा मारतात. म्हणून तीन गोष्टी जुळल्या तरच त्या फीचा विचार करावा. नाणं नक्की खरं हवं, न घासलेलं हवं, आणि फीपेक्षा पुष्कळ जास्त किंमत येईल इतकं दुर्मीळ हवं. घरोघरी सापडणाऱ्या हाली-कलदार रुपयांना त्याची गरज नाही. आणखी एक, शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ते आपल्या मनाने परदेशी पाठवता येत नाही, ग्रेडिंगसाठीसुद्धा नाही.

शेतात नांगरताना किंवा विहीर खणताना नाणी निघाली तर? ती आपली आपण वाटून घ्यायची नाहीत. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तलाठी किंवा तहसीलदार साहेबांना गाठलं, की पुढची वाट ते दाखवतात. नाणी कुठे, किती खोल, कशाबरोबर सापडली, हे लगेच लिहून ठेवा. जागेवरून हललेलं नाणं अर्धं मुकं होतं.

नाण्यांचा अभ्यास पाहायचा असेल, तर सुट्टीत त्र्यंबकेश्वरला जाताना नाशिकजवळच्या अंजनेरीला थांबा. तिथे नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे आणि तिचं नाण्यांचं संग्रहालयही आहे.

चला तर, छोट्या पोतदारांनो, आता कामाला लागा. एक शंभर पानी वही घ्या. घरातल्या प्रत्येक जुन्या नाण्याला एक पान द्या. वजन लिहा, कडेचं वर्णन लिहा, दिसतं तेवढंच अक्षर काढा. हाली रुपयावर हिजरी साल असतं. ते इसवी सनात आणायची युक्ती अशी : दर शंभराला ३ वजा करा आणि ६२२ मिळवा. हिजरी १३३७ मधून ४० गेले, राहिले १२९७. त्यात ६२२ मिळवले की १९१९. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो.

आणि पानाच्या खाली एक ओळ मोकळी सोडा. हे नाणं घरात कुणी आणलं, कुठून, कशासाठी जपलं, ते आजी-आजोबांना विचारून त्या ओळीत लिहा. वजन काय, उद्याही करता येईल. ही ओळ मात्र आजच लिहा.